हाताला लागलं कधी आणि जाणवलं कधी?

संध्याकाळची बदलापूर लोकल, लेडीज डबा. एक हात वर कडीला, दुसरा पर्समध्ये, नजर दाराकडे. पर्समधली बोटं चाचपडतायत: हा रुमाल, ही गोळ्यांची पट्टी, हा कंगवा, हे सुटे पैसे आणि ही घराची किल्ली. न बघता सापडली. त्याच वेळी मागच्या बाईची बॅग पाठीत रुतलेली असते, कुणाची तरी ओढणी दंडाला घासत असते, पायावर पाय पडलेला असतो. शिवाय बांगड्या, घड्याळ, ब्लाऊजची शिवण हे सगळंही अंगाला लागतच असतं. त्यातलं जवळपास काहीच लक्षात येत नाही. किल्ली मात्र जाणवते, तिच्या खाचांसकट.

कातडी या सगळ्याचाच निरोप वर पाठवत असते. मग एकाच निरोपाची जाणीव का होते? बाकीच्यांचं काय होतं? आपली सर्वसाधारण समजूत अशी की स्पर्शाचा निरोप मेंदूत पोचला की झालं, जाणवलं. गेल्या काही दशकांतल्या संशोधनाने ही समजूत मोडीत काढली आहे. पोचणं ही अर्धीच गोष्ट आहे. आलेल्या निरोपावर मेंदूचे इतर भाग उलट काय पाठवतात, त्यावर जाणवणार की नाही हे बरंचसं ठरतं. मला स्वतःला मेंदूबद्दलच्या सगळ्या शोधांमध्ये हा सगळ्यात विलक्षण वाटतो, म्हणून तो नीट, पायरीपायरीने सांगते.

सुरुवात कातडीपासून. दाब ही यांत्रिक गोष्ट आणि मज्जातंतूंना कळते ती फक्त वीज. मग दाबाची वीज होते कशी? याचं उत्तर २०१० मध्ये मिळालं. कॅलिफोर्नियात आर्डेम पॅटापूटियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा पेशी घेतल्या, ज्यांना काचेच्या अतिबारीक नळीने टोचलं की त्यांच्यात वीज निर्माण व्हायची. मग ७२ संशयित जनुकं एकेक करून बंद करत ते बसले. एक जनुक बंद केल्यावर पेशी टोचली तरी गप्प राहिली. त्यातून ‘पिएझो१’ नावाचं प्रथिन सापडलं आणि पाठोपाठ त्याचं भावंड ‘पिएझो२’. आपल्या स्पर्शाचा मुख्य भार या दुसऱ्यावर आहे. पेशीच्या आवरणात बसलेली ही तीन पात्यांची झडप असते. आवरण ताणलं गेलं की झडप उघडते, विद्युतभारित कण आत शिरतात आणि मज्जातंतूत स्पंद उमटतो. २०२१ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल पॅटापूटियन यांना डेव्हिड ज्युलियस यांच्याबरोबर मिळालं. ज्युलियस यांनी मिरचीचा तिखटपणा आणि भाजणं ओळखणारी झडप शोधली होती. पिएझो२ जन्मतःच निकामी असलेली माणसंही आहेत. डोळे मिटले की आपले हातपाय नेमके कुठे आहेत हेच त्यांना कळत नाही आणि अंधारात चालणं अतिशय अवघड जातं.

तळहाताच्या कातडीत स्पर्श टिपणाऱ्या यंत्रणा चार प्रकारच्या आहेत. एक कडा आणि टोकं ओळखते, एक वस्तू बोटांतून निसटू लागली की लगेच कळवते, एक सूक्ष्म कंपनं टिपते, एक कातडीचा ताण. एका हाताच्या तळव्यात आणि बोटांत मिळून असे साधारण १७,००० मज्जातंतू आहेत आणि बोटांच्या टोकांशी त्यांची सगळ्यात दाटी. यातले बरेचसे फक्त बदल झाला की बोलतात. बांगडी हातात चढवताना जाणवते आणि मिनिटाभरात विसरायला होते, त्याचं एक कारण हे. पण लोकलमधल्या गर्दीला हे कारण पुरत नाही. गाडी हलते तशी पाठीतली बॅगही हलते, म्हणजे तिथे बदल सतत चालूच असतो. तो न जाणवण्याचं उत्तर कातडीत नाही, वर शोधावं लागतं.

वर जाण्याचा रस्ता आता बराच चांगला माहीत आहे. बारीक स्पर्शाचे तंतू जाड आवरणाचे आणि वेगवान असतात, सेकंदाला ३५ ते ७५ मीटर. जळजळीचा निरोप नेणारे तंतू उघडे आणि फार सावकाश, सेकंदाला जेमतेम मीटरभर. म्हणून तव्याला बोट लागलं की आधी ‘लागलं’ हे कळतं, लगेच चटका बसतो आणि खरी आग नंतर होते. बोटातून निघालेला वेगवान निरोप हातातून मानेपाशी मज्जारज्जूत शिरतो, शरीराच्या त्याच बाजूने न थांबता मेंदूच्या देठापर्यंत चढतो, तिथे पहिल्यांदा दुसऱ्या चेतापेशीच्या हवाली होतो आणि बाजू बदलतो. पुढे थॅलॅमस, म्हणजे मेंदूच्या मधोमध असलेलं निरोप पुढे धाडणारं ठाणं, आणि तिथून मेंदूच्या बाहेरच्या थरात, म्हणजे कॉर्टेक्समध्ये, कानापासून टाळूपर्यंत आडव्या गेलेल्या एका पट्टीत. उजव्या बोटाचा निरोप डाव्या पट्टीत. मनगटाजवळच्या नसेला झटका दिल्यावर या पट्टीत पहिली हालचाल दिसते ती सुमारे २० मिलिसेकंदांनी. पापणी लवायला याच्या कितीतरी पट वेळ लागतो.

या पट्टीवर अख्ख्या शरीराचा नकाशा आहे. माँट्रियलमधले मेंदूशल्यचिकित्सक वाइल्डर पेनफिल्ड यांनी तो जाग्या रुग्णांवर शस्त्रक्रिया करताना विजेच्या हलक्या स्पर्शाने एकेक जागा तपासत काढला आणि १९३७ मध्ये प्रसिद्ध केला. नकाशात बोटं, ओठ आणि जीभ यांना भलीमोठी जागा आहे, तर अख्ख्या पाठीला चिंचोळी. त्याचा परिणाम घरच्या घरी बघता येतो. कंपासपेटीतल्या कर्कटकाची दोन टोकं तीन मिलिमीटर अंतरावर ठेवून बोटाच्या टोकाला हलकेच टेकवली तर दोन म्हणून ओळखू येतात. पाठीवर तीच टोकं चार सेंटिमीटर लांब ठेवावी लागतात, नाहीतर एकच वाटतं. (टोकं टेकवायची, टोचायची नाहीत.)

इथवरची गोष्ट शाळेच्या पुस्तकातल्या आकृतीसारखी सरळ आहे. खरी गंमत यापुढे सुरू होते, कारण निरोप या पट्टीत पोचला म्हणजे माणसाला जाणवलं, असं होत नाही.

सगळ्यात ठसठशीत पुरावा ऑपरेशन थिएटरमध्ये मिळतो. मणक्याच्या मोठ्या शस्त्रक्रियेत रुग्णाला पूर्ण भूल दिलेली असते. तरीही त्याच्या घोट्याजवळच्या नसेला अधूनमधून विजेचे बारीक झटके देतात आणि डोक्यावर लावलेल्या इलेक्ट्रोडवर त्यांचं उत्तर उमटतं की नाही ते बघत राहतात. उत्तर येतंय तोवर मज्जारज्जू शाबूत. ते क्षीण झालं तर सर्जनला तिथल्या तिथे सावध करतात. म्हणजे गाढ भूल असताना पायाचा निरोप मेंदूच्या पट्टीपर्यंत पोचतो आहे, पडद्यावर त्याची लाट दिसते आहे आणि रुग्णाला कशाचीही जाणीव नाही. पत्र दारात येऊन पडणं वेगळं आणि कुणीतरी ते उघडून वाचणं वेगळं.

याची उलटी बाजूही नोंदलेली आहे. १९८३ मध्ये फ्रान्समध्ये जाक पायार आणि सहकाऱ्यांनी एका स्त्रीची केस मांडली. मेंदूच्या इजेमुळे तिला एका हाताला केलेला स्पर्श अजिबात कळत नसे. पण डोळे बांधून, त्या हाताला जिथे स्पर्श केला ती जागा दुसऱ्या हाताने दाखव म्हटलं की ती बऱ्यापैकी अचूक दाखवायची आणि स्वतःच चकित व्हायची. स्पर्शाची माहिती मेंदूत होती, बोट हलवायला उपयोगीही पडत होती, पण तिला ‘जाणवत’ नव्हती.

मग निरोप आणि जाणीव यांची फारकत होते तरी कुठे? मेक्सिकोत रानुल्फो रोमो आणि व्हिक्टर दे लाफुएन्ते यांनी माकडांना एक साधं काम शिकवलं. बोटाच्या टोकावर कंपन देणारी बारीक सुई, कंपन जाणवलं तर एक बटण, नाही तर दुसरं. कंपन इतकं हलकं ठेवलं की साधारण निम्म्या वेळा जाणवावं, निम्म्या वेळा सुटावं. २००५ मध्ये आलेला निष्कर्ष असा: स्पर्शाच्या त्या नकाशाच्या पट्टीतल्या चेतापेशी कंपनाच्या जोरानुसार बोलत होत्या. माकडाने ‘जाणवलं’ म्हटलं काय किंवा ‘नाही’ म्हटलं काय, त्यांच्या बोलण्यात फारसा फरक नव्हता. कपाळाकडच्या, हालचालीची आखणी करणाऱ्या भागातल्या पेशींचं मात्र उलट होतं. त्या माकडाच्या उत्तराबरोबर जात होत्या. काही वेळा कंपन दिलेलंच नसताना माकड ‘जाणवलं’ म्हणायचं, आणि तेव्हाही या पेशी खरोखर कंपन आल्यासारख्या पेटलेल्या असायच्या.

हा शेवटचा मुद्दा मोबाइल बाळगणाऱ्या कुणालाही ओळखीचा वाटेल. महत्त्वाचा फोन येणार असतो आणि खिशातला फोन थरथरल्याचं स्पष्ट जाणवतं. काढून बघावं तर काहीच नाही. कापड घासलेलं असतं किंवा मांडीचा स्नायू लवलेला असतो. एरवी जो क्षुल्लक निरोप वाचलाही गेला नसता, तो अपेक्षेमुळे फोनची थरथर बनून जाणिवेत येतो. लोक याला भास म्हणून सोडून देतात. मला वाटतं स्पर्शाची नेहमीची रीतच त्यात उघडी पडते, कारण किल्ली ओळखतानाही मेंदू हेच करतो. किल्ली शोधतोय म्हणून बोटांना किल्ली चटकन जाणवते.

वरून येणारी ही अपेक्षा कॉर्टेक्समध्ये निरोपाला नेमकी कुठे भेटते, हेही आता दिसू लागलं आहे. कॉर्टेक्स म्हणजे जेमतेम दोन-तीन मिलिमीटर जाडीचा थर, त्यात सहा पदर. पाचव्या पदरातल्या मोठ्या चेतापेशींचं धड खाली असतं आणि त्यांची एक लांब फांदी थेट वरच्या, पहिल्या पदरापर्यंत जाऊन तिथे पसरते. कातडीकडून आलेला निरोप मुख्यतः धडाच्या आसपास पोचतो. मेंदूच्या इतर भागांकडून परत येणारे संदेश, म्हणजे अपेक्षा, लक्ष, आधीची ओळख, हे मुख्यतः वरच्या फांद्यांवर उतरतात. नुसता खालून निरोप आला तर पेशी एखाददुसरा स्पंद देते. खालचा आणि वरचा संदेश जवळजवळ एकाच वेळी आले तर वरच्या फांदीत कॅल्शियमची मोठी लाट उठते आणि पेशी स्पंदांची अख्खी सरच सोडते.

बर्लिनमध्ये मॅथ्यू लार्कम यांच्या प्रयोगशाळेने हे उंदरांच्या मिशांवर तपासलं. मिशी हलकेच हलवायची, जाणवली तर उंदराने पाण्याची नळी चाटायची. २०१६ मध्ये त्यांनी दाखवलं की उंदराला जाणवलं की नाही याच्याशी वरच्या फांद्यांतल्या त्या कॅल्शियमच्या लाटांचा थेट संबंध आहे. आणि फक्त संबंधच नाही, औषधाने त्या लाटा दाबल्या तर तीच मिशी जाणवायला जास्त जोराचा धक्का लागतो. जपानमध्ये २०१५ मध्ये आणखी एक प्रयोग झाला. त्यात उंदराच्या स्पर्शाच्या पट्टीतून निरोप पुढच्या भागात जातो आणि तिथून परत त्याच पट्टीत येतो, असा वळसा सापडला. जाण्याचा रस्ता तसाच ठेवून फक्त परतीचा रस्ता बंद केला, तर उंदराला पायाखालची जमीन गुळगुळीत की खरबरीत हे धड ओळखता येईना.

हे सगळं दोन-चार वेगवेगळ्या प्रयोगशाळांतून, वेगवेगळ्या प्राण्यांवर आणि वेगवेगळ्या पद्धतींनी आलेलं आहे, म्हणून मला ते भरवशाचं वाटतं. माणसांवरच्या मोजमापांतही तोच सूर आहे. जाणवलेला आणि न जाणवलेला स्पर्श यांच्या मेंदूलहरींत २० मिलिसेकंदांशी फारसा फरक नसतो. तो स्पष्ट होतो साधारण १४० मिलिसेकंदांच्या आसपास, म्हणजे परतीच्या संदेशांना यायला पुरेसा वेळ मिळाल्यावर. यापुढे मात्र तज्ज्ञांचे दोन गट आहेत. एका गटाच्या मते स्पर्शाच्या भागातली ही जा-ये झाली की जाणीव झाली. दुसऱ्या गटाच्या मते ती बातमी सगळ्या मेंदूभर पसरली, की स्मरण, बोलणं, निर्णय यांच्या हाती ती लागली, तेव्हाच तिला जाणीव म्हणायचं. माझा कल पहिल्या गटाकडे आहे, कारण जाणवणं आणि जाणवल्याचं सांगणं ही दोन कामं आहेत आणि दुसऱ्या गटाच्या बऱ्याच पुराव्यांत ती एकमेकांत मिसळलेली असतात.

याचा अर्थ आपण स्पर्शाच्या बाबतीत सदैव किंचित मागे असतो. नाकाला आणि पायाच्या अंगठ्याला एकाच क्षणी बोट लावलं तर दोन्ही एकदमच जाणवतं, खरं तर अंगठ्याचा निरोप बराच उशिरा आलेला असतो. मेंदू थोडा थांबतो, सगळं गोळा करतो आणि मग एकच क्षण बनवून देतो. १९७२ मध्ये अमेरिकेत फ्रँक गेल्डार्ड आणि कार्ल शेरिक यांनी याचा अफलातून नमुना दाखवला. मनगटाजवळ पाच टिचक्या, लगेच हाताच्या मध्यावर पाच, लगेच कोपराजवळ पाच, सगळ्या भराभर. ज्याच्या हातावर हे केलं त्याला तीन जागा जाणवत नाहीत. छोटासा ससा मनगटापासून कोपरापर्यंत उड्या मारत गेल्यासारखं वाटतं, जिथे टिचकी मारलीच नाही तिथेसुद्धा. नीट विचार केला तर हे अंगावर येतं. मनगटावरची दुसरी टिचकी ‘थोडी पुढे’ जाणवायची, तर पुढच्या टिचक्या येणार आहेत हे आधी कळायला हवं. ते शक्य नाही. म्हणजे दुसऱ्या टिचकीचा निकाल मेंदूने राखून ठेवला आणि पुढच्या टिचक्या आल्यावर जाहीर केला.

आता परत त्या पाठीतल्या बॅगेकडे येऊ. आपण स्वतः हललो की त्यातून कोणकोणते स्पर्श होतील याचा अंदाज मेंदू आधीच बांधतो आणि अंदाजाप्रमाणे आलेला निरोप दाबून टाकतो. आपल्याच हाताने गुदगुल्या होत नाहीत त्या यामुळेच. लंडनमध्ये सारा-जेन ब्लेकमोर आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये दाखवलं की स्वतःच्या हाताने गुदगुल्या करताना स्पर्शाच्या भागांतली हालचाल कमी होते आणि त्यात लहान मेंदूचा हात असतो. रोजच्या प्रवाशाचं अंग गाडीच्या हेलकाव्यांना आणि गर्दीच्या रेट्याला असंच सरावलेलं असतं. आणि शिल्लक राहिलेल्या गोंगाटात लक्ष जिकडे, तिकडचा आवाज वाढतो. म्हणून बॅगेचा रेटा कळत नाही आणि पर्सच्या चेनवर सरकणारं परकं बोट मात्र कळतं, त्याचा दाब बॅगेच्या शतांशही नसला तरी. ते अंदाजात बसत नाही.

सगळे स्पर्श मात्र ओळखण्यासाठी नसतात. केसाळ कातडीत काही सावकाश तंतू असे आहेत, जे हळुवार कुरवाळण्यालाच सर्वाधिक प्रतिसाद देतात. कुरवाळण्याचा वेग सेकंदाला एक ते दहा सेंटिमीटर असला की ते खुलतात. बाळाला तेल लावताना आजीचा हात आपसूक साधारण याच वेगाने फिरतो. यांचा निरोप मुख्यतः मेंदूच्या आत दडलेल्या, भावनांशी जोडलेल्या भागात जातो. वस्तू कसली आहे हे त्यातून कळत नाही, बरं वाटतं.

ओळखण्याची ताकद कुठवर जाऊ शकते हे बघायचं तर ब्रेल वाचणारी बोटं बघावीत. ब्रेलच्या दोन शेजारच्या टिंबांत अंतर सुमारे अडीच मिलिमीटर, म्हणजे बोटाच्या टोकाला दोन बिंदू वेगळे कळण्याच्या अगदी सीमेवर. ज्यांची दृष्टी लहानपणीच गेली त्यांच्यात ब्रेल वाचताना मेंदूच्या मागचा, एरवी पाहण्यासाठी असलेला भाग कामाला लागतो, हे १९९६ मध्ये दिसलं. पुढच्याच वर्षी चुंबकीय झटक्यांनी त्या भागात व्यत्यय आणला तेव्हा वाचनात चुका होऊ लागल्या. म्हणजे तो भाग नुसता जागा होत नाही, खरोखर वाचत असतो. बोट मात्र फिरतं ठेवावं लागतं. स्थिर बोटाला फार कमी कळतं. घासत नेलेलं बोट १३ नॅनोमीटर उंचीच्या सुरकुत्यासुद्धा गुळगुळीत पृष्ठभागापासून वेगळ्या ओळखतं, असं २०१३ मधल्या एका प्रयोगात आढळलं.

हे माहीत झाल्यावर आपल्या नोटा हातात घेऊन बघाव्यात. जुन्या मालिकेतली १०० ची नोट १५७ मिलिमीटर लांब होती आणि ५०० ची १६७, दोघींत सेंटिमीटरचा फरक. आताच्या मालिकेत १०० ची १४२, २०० ची १४६, ५०० ची १५०, आणि रुंदी तिघींची सारखीच, ६६. म्हणजे लागोपाठच्या दोन नोटांत फरक चार मिलिमीटरचा. सुटी एकच नोट हातात आली तर बोटांना तो फरक कळणं फार कठीण, कारण लांबी हा कडेसारखा एका जागी लागणारा स्पर्श नाही. तिची तुलना आठवणीतल्या दुसऱ्या लांबीशी करावी लागते. दृष्टिहीन माणसाच्या दृष्टीने हा बदल वाईटच झाला, असं माझं स्पष्ट मत आहे. जमेची बाजू म्हणजे उठावाच्या खुणा: १०० वर त्रिकोण आणि कडेला चार तिरप्या रेघा, २०० वर चार रेघा आणि त्यांच्या मध्ये दोन वर्तुळं, ५०० वर वर्तुळ आणि पाच रेघा. बोट फिरवून ओळखायची ही अगदी योग्य रीत, फक्त मुंबईच्या घामट हातांतून, भाजीवाल्यांच्या गल्ल्यांतून आणि पावसात भिजलेल्या खिशांतून फिरून आलेल्या नोटेवर तो उठाव फारसा उरत नाही. १०, २० आणि ५० च्या नोटांवर तर अशा खुणाच नाहीत. त्या मानाने मार्च २०१९ मध्ये जाहीर झालेलं २० रुपयांचं नाणं फार विचार करून घडवलेलं आहे. बाकीची नाणी गोल आणि याला बारा बाजू. दोन बोटांत धरून जरासं फिरवलं की कोपरे लागतात आणि ते कितीही हातांतून गेलं तरी झिजून गोल होत नाही.